मातेचे दूध आणि मद्रास

मद्रासच्या एग्मोर रेल्वेस्थानकापासून जवळच स्त्रियांचे व मुलांचे सरकारी रुग्णालय आहे. १८४४ साली प्रसूतिगृह म्हणून त्याचा आरंभ झाला आणि १८८२ साली ते आजच्या जागेत आले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. म्हणजे हे प्रसूतिगृह त्याच्याहून वर्षाने वडील. आशिया खंडातील अत्यंत जुन्या प्रसूतिगृहांत त्याची गणना होते. अशा संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हटले की खाटा किती, बाळंतपणे किती, अधीक्षक कोण कोण होऊन गेले, याचे आकडे व नावे दप्तरांतून मिळतात. परंतु बाळंतपण उरकल्यावर त्याच खाटेवर जी दुसरी घटना घडते, किंवा घडावयाची राहून जाते, तिची नोंद जुन्या दप्तरांत फारशी नसते. आईने बाळाला पाजले की नाही, केव्हा पाजले, आणि कोणाच्या सांगण्यावरून? या साध्या प्रश्नांना मोठा इतिहास आहे. मद्रास नगरीत (१९९६ पासून तिचे नाव चेन्नई झाले) तो विशेष स्पष्टपणे पाहता येतो; कारण आयुर्वेद, घरची आजीबाई, इंग्रजी वैद्यक, परदेशी दुधाचा डबा आणि सरकार अशी पाचही मंडळी येथे एकाच बाळंतिणीच्या उशाशी उभी राहून निरनिराळा सल्ला देत आली आहेत.

एका शब्दाचा प्रवास प्रथम पाहण्याजोगा आहे. इंग्रज कुटुंबात तान्ह्या मुलाला पाजण्यासाठी ठेवलेल्या स्त्रीला मद्रासेत ‘आमा’ म्हणत. हा शब्द तमिळ ‘अम्मा’चे रूप असावा असे कोणालाही वाटेल, पण १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने त्याचे मूळ पोर्तुगीज भाषेत दाखविले आहे. आपली ‘आया’ हीदेखील पोर्तुगीजांचीच देणगी. महाराष्ट्राला दूधआई नवी नव्हे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली असल्यामुळे कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी त्यांना आपले दूध दिले, आणि त्या माउलीचे नाव इतिहासाने आदराने जपले. मद्रासच्या आमांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्यांचे दूध पगारावर मोजले गेले, आणि त्यांचे स्वतःचे तान्हे घरी कशाच्या आधाराने राहिले हा प्रश्न मालकिणीच्या घरहिशेबात बसणारा नव्हता.

आयुर्वेदाने धात्रीचा, म्हणजे दूध पाजणाऱ्या दाईचा, विचार फार बारकाईने केला आहे. तिचे वय, प्रकृती, स्वभाव कसा असावा हे चरक आणि सुश्रुत दोघेही सांगतात. शुद्ध दुधाची एक परीक्षाही सुश्रुतसंहितेत दिली आहे: थंड पाण्यात टाकले असता जे एकजीव होते, ज्याचे तंतू होत नाहीत, ते दूध निर्दोष. आज ही परीक्षा कोणी करीत नाही व तिची गरजही नाही. परंतु त्याच ग्रंथातील दुसरे एक निरीक्षण आजच्या शरीरशास्त्रज्ञालाही मान डोलवावयास लावील. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही दूध उतरते, आणि त्याच्या प्रवाहाचे कारण अखंड स्नेह हे होय, असा सुश्रुताचा अभिप्राय आहे. ऑक्सिटोसिन नावाचा अंतःस्राव विसाव्या शतकात ओळखला गेला. बाळाचे रडणे कानी पडताच आईला पान्हा फुटतो तो त्याच्यामुळे. आणि भीती, वेदना, अपमान यांनी पान्हा अडतो तोही त्याच मार्गात अडथळा आल्यामुळे. बाळंतिणीला ‘तुला दूधच नाही’ असे सारखे ऐकविणे हे केवळ कठोर नव्हे, ते तिचे दूध प्रत्यक्ष अडविणारेही आहे.

मात्र पहिल्या दुधाच्या बाबतीत शास्त्रकारांचे एकमत नव्हते. चरकाच्या मते मध व तूप चाटविल्यानंतर बाळाला प्रथम उजवा स्तन द्यावा. सुश्रुताच्या मते दूध तीन-चार रात्रींनंतर उतरते. तोवर मध-तुपावर भागवावे. लोकाचाराने चरकापेक्षा सुश्रुताचे अधिक ऐकलेले दिसते. पहिल्या दिवसांचे घट्ट, पिवळसर दूध पिळून टाकण्याची चाल महाराष्ट्रात होती, तशी ती तमिळ प्रदेशातही होती. मराठीत त्याला चीक म्हणतात, तमिळमध्ये ‘सीम्पाल’. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खावा आणि आईचा चीक मात्र बाळाला अपायकारक म्हणून फेकून द्यावा, हा विरोधाभास पिढ्यानुपिढ्या कोणाला खटकला नाही. वस्तुतः या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये व अ जीवनसत्त्व भरपूर असते. तो थोडा असतो, चमच्याने मोजण्याइतका. पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच असते.

तमिळ घरात बाळाच्या ओठाला प्रथम ‘सेनै’ लावण्याचा प्रघात आहे. घरातील गुणी, वडीलधारे माणूस साखरेच्या पाण्याचा थेंब बाळाला चाटविते, आणि त्या माणसाचे गुण बाळात उतरतात अशी श्रद्धा असते. आपल्याकडील सोन्याने मध चाटविण्याच्या विधीचेच हे धाकटे भावंड. बाळगुटीची मात्राही तेथे आहे. वेखंड, जायफळ, हिरडा उगाळून देण्याची पद्धत दोन्हीकडे सारखी. मद्रासच्या गल्ल्यांतून गाढवीचे ताजे दूध विकणारेही फिरत आले आहेत. एखादा चमचा पाजला की बाळाचा आवाज सुधारतो, असे गिऱ्हाइकांना सांगितले जाते. या सगळ्यांच्या मागचा भाव निर्मळ आहे, पण त्याचा परिणाम तसा नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून एका भयंकर जंतूचे बीज पोटात जाऊ शकते. आणि उगाळलेल्या मात्रेबरोबर सहाणेवरचे पाणीही जाते, हे आता निर्विवाद झाले आहे.

बाळंतिणीच्या आहाराच्या बाबतीत मात्र या आजीबाई अधिक शहाण्या ठरल्या. महाराष्ट्रात अळिवाचे व डिंकाचे लाडू, तर मद्रासेत लसूण घातलेले कालवण, शेवग्याचा पाला आणि मांसाहारी घरांत लहान मुशी माशाचे ‘सुरा पुट्टु’. यांनी दूध खरोखर किती वाढते याविषयी वाद घालता येईल. बाळंतिणीच्या ताटात लोह, प्रथिने व स्निग्ध पदार्थ पडतात याविषयी वाद नाही. आणि इतर दिवशी घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईला चाळीस दिवस सर्वांच्या आधी जेवावयास मिळते, ही गोष्ट लाडवाहून मोठी.

येथे तंजावरची आठवण होणे साहजिक आहे. भोसले घराण्यातील सरफोजीराजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी वैद्यकाचा मोठा व्यासंग केला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ चिकित्साग्रंथमालेत गर्भिणी व बालरोग यांवर स्वतंत्र भाग आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने तो छापून प्रसिद्ध केला आहे. मराठी राजाच्या आश्रयाने तमिळ भाषेत उतरलेले हे ज्ञान मद्रासच्या इंग्रजी रुग्णालयापर्यंत मात्र पोहोचले नाही. दोन विद्या एकाच प्रांतात एकमेकींना न भेटता नांदत राहिल्या.

त्यांच्यामधील दरी बुजविण्याचा एक प्रयत्न एडवर्ड बाल्फोर यांनी केला. मद्रासच्या वैद्यक खात्यात अधिकारपदी असलेल्या या गृहस्थाने कॉन्क्वेस्ट यांच्या प्रसूतिशास्त्रावरील पुस्तकाचे हिंदुस्थानीत भाषांतर केले, आणि तमिळ, तेलुगू व कानडी भाषांतरे स्वखर्चाने छापविली. अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून सरकारी काम करावे, हे उदाहरण दुर्मिळ आहे. याच बाल्फोर यांच्या पाठिंब्याने १८७५ साली मद्रास मेडिकल कॉलेजात चार स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्यांतील एक मेरी शार्लीब. नवऱ्याच्या वकिलीनिमित्त त्या १८६६ साली मद्रासला आल्या होत्या. गोषातील स्त्रिया पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवीत नाहीत, आणि अडलेल्या बाळंतपणात त्यांचे हाल पाहवत नाहीत, या एका दुःखापायी त्यांनी मुलाबाळांचा संसार सांभाळून वैद्यक शिकावयास घेतले. पुढे लंडन विद्यापीठाची पदवी घेऊन त्या १८८३ साली परतल्या, आणि १८८५ साली त्यांनी गोषातील व उच्चवर्णीय स्त्रियांसाठी रुग्णालय उघडले. ट्रिप्लिकेनमधील आजचे कस्तुरबा गांधी रुग्णालय ते हेच. त्याच मेडिकल कॉलेजातून १९१२ साली पदवीधर झालेल्या मुत्तुलक्ष्मी रेड्डी सरकारी प्रसूति-रुग्णालयात हाऊस सर्जन होणाऱ्या पहिल्या स्त्री होत. बाळंतिणीला सल्ला देणारी व्यक्ती स्त्री असणे, तिने रुग्णाच्या भाषेत बोलणे, या दोन गोष्टींनी जे साधले ते औषधांनी साधले नसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन पाहुणे आले, आणि दोघेही न्यूझीलंडचे. पहिला पाहुणा घड्याळ. ट्रुबी किंग या डॉक्टरने तेथे १९०७ साली बालसंगोपनाची चळवळ सुरू केली. बाळाला दर चार तासांनी, ठरल्या वेळीच पाजावे, रात्री मुळीच पाजू नये, मध्ये रडले तर रडू द्यावे, असा त्याचा दंडक होता. स्वतः किंग मातेच्या दुधाचा कैवारी. पण त्याच्या घड्याळाने दुधाचे नुकसान केले. स्तन जितका रिकामा होतो तितके दूध तयार होते, आणि रात्रीच्या पाजण्याने त्या निर्मितीला विशेष चालना मिळते. वेळापत्रकाने दूध आटते. आटले की आई घाबरते. आणि घाबरलेल्या आईच्या दारात दुसरा पाहुणा उभा असतो. तो म्हणजे दुधाच्या भुकटीचा डबा. ‘ग्लॅक्सो’ ही भुकटी न्यूझीलंडच्याच व्यापाऱ्याची. तिच्या विक्रीसाठी १९२४ साली हिंदुस्थानात कंपनी निघाली. ‘नेस्ले’चा व्यापार येथे १९१२ पासून होता. स्वातंत्र्यानंतर म्हैसूरच्या अन्न-संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न बनविण्याची कृती सिद्ध केली व डबा स्वदेशी झाला. ज्या बाळाला आईच नाही त्याच्यासाठी ही सोय मोलाची होती, यात शंका नाही. पण डब्यावरील गुटगुटीत बाळाचे चित्र ज्यांना डब्याची गरज नव्हती त्यांनाच अधिक बोलावीत असे. गरीब घरात महागडी भुकटी पुरविण्यासाठी पाणी वाढविले जाई, बाटली उकळावयास जळण नसे, आणि हगवणीने बाळ दगावे. १९३९ साली सिंगापुरात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी या प्रकाराला भर सभेत खून म्हटले, तेव्हा श्रोत्यांना ते अतिशयोक्तीचे वाटले असेल. आकड्यांनी पुढे त्यांचीच बाजू घेतली.

गरीब आईच्या दुधात सत्त्व नसते, ही समजूत डब्याची मोठी मदतनीस होती. तिला उत्तर मद्रास प्रांतातूनच मिळाले. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. सी. गोपालन हे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. अपुऱ्या अन्नावर जगणाऱ्या स्त्रियांचे दूध मोजून व तपासून त्यांनी १९५८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या स्त्रियाही दिवसाला सुमारे अर्धा लिटर दूध देत होत्या, आणि त्यातील प्रथिने फारशी कमी नव्हती. जीवनसत्त्वे मात्र कमी होती. बाळाचा वाटा आईचे शरीर आपल्याच मांसातून काढून देत होते. तेव्हा प्रश्न दुधाचा नव्हता, आईच्या ताटाचा होता. पाजणाऱ्या आईला रोज पाच-सहाशे उष्मांक अधिक लागतात. म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ आणि थोडे दूध. देशातील एवढ्या महत्त्वाच्या शोधाचा मराठी घरांत फारसा बोलबाला झाला नाही, याचे नवल वाटते.

ताटाबरोबर वेळही हवा. गिरणीत वा मळ्यात राबणाऱ्या बाईला तो कोण देणार? मुंबई विधिमंडळात १९२८ साली स्त्री-कामगारांच्या प्रसूति-लाभाचे विधेयक आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला, आणि १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. मद्रासचा कायदा १९३४ चा. १९६१ च्या अखिल भारतीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईतो पाजण्यासाठी कामाच्या वेळेत दोन सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. तमिळनाडू सरकारने तर आपल्या कर्मचारी स्त्रियांची रजा २०२१ पासून एक वर्षाची केली. शेतमजूर आणि मोलकरीण यांना यातील काही मिळत नाही, ही उणीव मोठी आहे.

१९६१ सालीच दिल्लीत जागतिक आरोग्य परिषदेचे चौदावे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी एग्मोर रुग्णालयाचे पहिले भारतीय अधीक्षक डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते. बरोबर वीस वर्षांनी, १९८१ च्या मे महिन्यात, याच परिषदेने दुधाच्या भुकटीच्या जाहिरातबाजीवर निर्बंध घालणारी संहिता संमत केली. विरोधात एकच मत पडले, अमेरिकेचे. भारताने १९९२ साली त्या संहितेला कायद्याचे बळ दिले. आता डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही, जाहिरात करता येत नाही, आणि डॉक्टरला भेटी देऊन शिफारस विकत घेता येत नाही.

कायदे झाले, रुग्णालये झाली. तरी खाटेशेजारचा प्रश्न मिटलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरात ४१.८ टक्के बालकांनाच जन्मल्यावर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेले आढळले. तमिळनाडूत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बरेच वरचे. पण सहा महिन्यांपर्यंत केवळ आईच्या दुधावर असलेली बाळे देशात ६३.७ टक्के, तर तमिळनाडूत सुमारे पंचावन्न टक्केच. जेथे जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयात होतात तेथे आरंभ चांगला होतो आणि घरी गेल्यावर धीर सुटतो, असाच याचा अर्थ लावावा लागतो. घरी गेलेल्या आईला मग काय ठाऊक असावे?

पहिली गोष्ट, बाळाला धरण्याची. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे, आणि त्याने नुसते स्तनाग्र नव्हे तर त्याभोवतीचा काळा भागही पुष्कळसा तोंडात घ्यावा. हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, आणि गिळण्याचा आवाज येऊ लागला की पकड बरोबर. स्तनाग्राला चिरा पडतात त्या बहुधा पकड चुकल्यामुळे. ती सुधारली की वेदना थांबतात. बाळ मागेल तेव्हा, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. स्तन दगडासारखे भरून आले तर पाजणे बंद न करता वारंवार पाजावे किंवा हाताने दूध काढावे. ताप आला, एखादी जागा लाल होऊन ठणकू लागली तर डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या आईलाही थोड्या मदतीने पहिल्या तासात पाजता येते. तमिळनाडूत अशी बाळंतपणे शंभरात चाळिसांहून अधिक असल्यामुळे हे आवर्जून सांगावे लागते.

दूध पुरते की नाही, ही चिंता सार्वत्रिक आहे. बाळाच्या रडण्यावरून तिचे उत्तर काढू नये. मूल दहा कारणांनी रडते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा वेळा तरी दुपटे ओले होत असेल, जन्मानंतर थोडे उतरलेले वजन दोन आठवड्यांत भरून येऊन पुढे वाढत असेल, तर दूध पुरते आहे. मद्रासच्या मे महिन्यात, कातिरी वेयिलच्या कडाक्यात, बाळाला घोटभर पाणी द्यावे असे प्रत्येक आजीला वाटते. वाटणे स्वाभाविक आहे, पण आईच्या दुधात शंभरात सत्याऐंशी भाग पाणीच असते. पाणी आईने प्यावे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करावे आणि दूधही दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे. कामावर जाणाऱ्या आईने हात स्वच्छ धुऊन काढून ठेवलेले दूध उन्हाळ्यात चार तासांच्या आत वापरावे, शीतकपाटात दिवसभर टिकते. ते पाजावयास बाटली नको. तमिळ घरांत त्यासाठी चोचीची छोटी वाटी असते, ‘पालाडै’. आपले बोंडले हेच. बाटलीच्या आगमनाने माळ्यावर गेलेली ही वस्तू दक्षिणेतील नवजात शिशूंच्या कक्षांत डॉक्टरांनी पुन्हा खाली काढली आहे. ती घासावयास सोपी, आणि तिच्या सवयीने बाळ स्तन विसरत नाही.

तमिळनाडू सरकारने २०१५ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या बसस्थानकांवर मातांना पाजण्यासाठी स्वतंत्र खोल्या उघडल्या. महाराष्ट्राच्या एस. टी. स्थानकांवरही अशा खोल्या आहेत, आणि त्यांना हिरकणी कक्ष असे नाव आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीची ही कथा. तिच्या नावाचा बुरूज गडावर दाखवितात. कुलूप लावलेली, अडगळ भरलेली खोली दोन्ही राज्यांत पाहावयास मिळते, हेही खरे.

आणि आमाही परत आली आहे, निराळ्या रूपाने. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध-पेढी सुरू केली. आशियातील ही पहिली. पुढे एग्मोरच्या बालरुग्णालयातही तशी पेढी निघाली. स्वतःच्या बाळाला पाजून ज्या मातेचे दूध उरते ती ते स्वेच्छेने देते. तिच्या रक्ताची तपासणी होते, दूध साडेबासष्ट अंशांवर तीस मिनिटे तापवून गोठविले जाते. पगार नसतो. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, किलो-सव्वा किलोचे बाळ, ज्याच्या आईला अद्याप पान्हा फुटलेला नाही, त्याच्या नाकातील बारीक नळीतून ते थेंबाथेंबाने सोडतात. आणि तोवर त्याची आई शेजारच्या खोलीत बसून, परिचारिकेच्या मदतीने, स्वतःचा चीक वाटीत काढावयास शिकत असते.